मात्सोखा : एका विवराच्या नावात टिकून राहिलेली सावत्र आई

चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया भागात, ब्रनो शहराच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, ब्लान्स्को गावाजवळच्या चुनखडीच्या प्रदेशात एक प्रचंड विवर आहे. त्याची खोली सुमारे १३८ मीटर आहे. जमिनीखालच्या एका विशाल गुहेचे छत कोसळल्यामुळे ते तयार झाले आणि त्याच्या तळाशी पुंक्वा नावाची नदी थोडा वेळ उजेडात येऊन पुन्हा जमिनीखाली नाहीशी होते. १७२३ मध्ये ब्रनोच्या मठातील लाझार शोपर हा ख्रिस्ती साधू विवरात उतरला आणि तळ गाठल्याची ती पहिली नोंद मानली जाते. पुढे विसाव्या शतकात कारेल आब्सोलोन या संशोधकाने भुयारांतून आणि भुयारी नदीतून तळापर्यंतचे मार्ग शोधले. आज पर्यटक गुहांमधून चालत विवराच्या तळाशी येतात आणि तिथून पुढे नावेने बाहेर पडतात. या विवराचे नाव 'मात्सोखा' असे आहे आणि त्याचा अर्थ 'सावत्र आई' असा होतो.

हे नाव अभ्यासासाठी निवडण्याचे कारण त्याच्या एका स्वरात आहे. प्रमाण चेक भाषेत सावत्र आईला 'मात्सेखा' म्हणतात, 'मात्सोखा' नव्हे. 'मात्सोखा' हा शब्द पोलिश भाषेतला आहे आणि तोच स्लोव्हाक भाषेतही आहे. पोलंडची सीमा या विवरापासून बरीच दूर आहे आणि विवराभोवतीच्या गावांत चेकच बोलली जाते. असे असताना चेक भूमीतल्या सर्वांत प्रसिद्ध विवराच्या नावाचा अर्थ एखाद्या पोलिश माणसाला आपल्या रोजच्या शब्दावरून लगेच समजतो आणि चेक माणसाला मात्र तो शब्द ओळखीचा वाटूनही किंचित वेगळा लागतो. हे कसे घडले, हा या प्रकरणाचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे : आईच्याच नावापासून घडलेल्या शब्दाला या दोन भाषांत इतकी दुष्कीर्ती का चिकटली आणि ती आजही तशीच टिकून आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे. आपण 'च' हे एकच अक्षर दोन प्रकारे उच्चारतो. 'चार' मधला च तालव्य आहे आणि 'चूल' मधला च दंततालव्य आहे. स्लाव्ह भाषांच्या कुटुंबात नेमक्या याच दोन उच्चारांनी भाषांची विभागणी केली आहे. सावत्र आईला रशियन भाषेत 'माचेखा' म्हणतात आणि त्यातला च 'चार' मधल्यासारखा आहे. चेक आणि पोलिश शब्दांत तिथे 'चूल' मधला च येतो, जो मी इथे स्पष्टतेसाठी 'त्स' असा लिहिला आहे. युक्रेनियनमध्ये शब्द 'माचुखा' आहे, बल्गेरियनमध्ये 'माश्तेखा' आणि सर्बियन व क्रोएशियनमध्ये 'माचेहा'. हा फरक मनमानी नाही. आदिस्लाव्ह भाषेत, म्हणजे या सर्व भाषांच्या प्राचीन पूर्वज भाषेत, 'त' नंतर 'य' आला की त्या जोडीचे पश्चिमेकडच्या भाषांत त्स झाले, पूर्वेकडे च झाले आणि बल्गेरियनमध्ये श्त झाले. 'मेणबत्ती' या अर्थाचा शब्द घेतला तरी हेच दिसते : चेकमध्ये 'स्वीत्से', रशियनमध्ये 'स्वेचा'. 'रात्र' या अर्थाचा शब्द चेक आणि पोलिशमध्ये 'नोत्स', रशियनमध्ये 'नोच' आणि बल्गेरियनमध्ये 'नोश्त' असा आहे आणि त्याचे मूळ आपल्या संस्कृत 'नक्तम्' शी जोडलेले आहे.

म्हणजे व्यंजनाच्या बाबतीत चेक आणि पोलिश शब्द पूर्णपणे एकमेकांशी जुळतात. फरक आहे तो शेपटीच्या स्वरात. मुळाशी 'माता' या अर्थाचा तोच प्राचीन शब्द आहे, ज्याचे संस्कृत भावंड 'मातृ' आहे. त्याला लागलेला प्रत्यय मात्र कुठे 'एखा', कुठे 'ओखा' तर कुठे 'उखा' या रूपात आढळतो. प्रमाण चेकने 'एखा' स्वीकारला. पोलिश आणि स्लोव्हाक भाषांनी 'ओखा' जपला. मोराव्हियातल्या बोलीही त्या बाजूच्या होत्या. विवराला नाव देणारे लोक राजधानी प्रागच्या ग्रंथभाषेत बोलत नव्हते, ते आपल्या गावच्या बोलीत बोलत होते. पुढे शाळा, छापखाना आणि शब्दकोश यांनी 'मात्सेखा' हे रूप सर्वत्र नेले, तरी स्थळनावाला हात लावण्याचे कारण कोणाला वाटले नाही. स्थळनावांचे हे सामर्थ्य मला नेहमीच मोठे वाटते : रोजच्या बोलण्यातून गेलेली रूपे त्यांच्यात सुरक्षित राहतात. उच्चारात एक बारीक फरक तरीही उरतो. चेक माणूस आघात नेहमी पहिल्या अक्षरावर देतो, म्हणून तो 'मा' वर जोर देतो. पोलिश माणूस उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर आघात देतो, म्हणून त्याच्या तोंडी 'त्सो' ठळक ऐकू येतो.

आता त्या नावाची कथा. ती विवराजवळच्या विलेमोवित्से या गावाशी जोडून सांगितली जाते. एका विधुर शेतकऱ्याला लहान मुलगा होता. त्याने दुसरे लग्न केले आणि नव्या पत्नीलाही मुलगा झाला. तिचा मुलगा सतत आजारी असे. सावत्र मुलगा मेला तर आपला मुलगा बरा होईल, असे तिच्या मनाने घेतले. रानातली फळे वेचायच्या निमित्ताने तिने सावत्र मुलाला विवराच्या काठावर नेले आणि आत ढकलून दिले. मुलगा मात्र एका फांदीला अडकला. त्याच्या हाका लाकूडतोड्यांच्या कानी पडल्या, त्यांनी दोर सोडून त्याला वर काढले आणि खरा प्रकार कळल्यावर संतापलेल्या गावकऱ्यांनी त्या बाईलाच विवरात फेकले. कथेचे तपशील सांगणाऱ्यानुसार बदलतात. काही पाठांत ती स्वतःच उडी घेते. सर्व पाठांत कायम राहणारी गोष्ट मात्र एकच : विवरात पडलेला मुलगा वाचतो, सावत्र आई वाचत नाही आणि विवराला तिचे नाव मिळते. तिच्या स्वतःच्या नावाचा कथेत कुठेच उल्लेख नाही. तिची ओळख नात्यापुरतीच आहे.

कथा आधी की नाव आधी, हा वाद इथे सोडवण्याची गरज नाही, कारण आपल्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. इतक्या भीषण जागेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा, किंवा त्या नावाचे स्पष्टीकरण द्यायची वेळ आली तेव्हा, लोकांना 'सावत्र आई' हा शब्द अगदी योग्य वाटला. त्याआधीच तो शब्द पुरेसा काळवंडलेला असला पाहिजे.

हा काळेपणा शब्दाच्या रचनेतच होता का? अनेकांना असे वाटते, कारण 'ख' ध्वनीने शेवट होणारे बरेच स्लाव्ह शब्द तुच्छतादर्शक आहेत. चेक भाषेत आळशी माणसाला 'लेनोख' म्हणतात आणि पोलिश भाषेत झोपाळू माणसाला 'श्पिओख' म्हणतात. परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे. याच शेपटीने जवळीकही व्यक्त होते. 'भाऊ' या अर्थाच्या शब्दापासून दोन्ही भाषांत 'ब्राख' असा शब्द झाला आहे आणि त्याचा अर्थ 'दोस्ता' किंवा 'गड्या' असा प्रेमळ आहे. स्तानिस्वाव या पोलिश नावाचे घरगुती रूप 'स्ताख' असे होते. म्हणून माझे मत असे आहे की प्रत्ययाने फक्त मूळ शब्दापासून अंतर दाखवले. ते अंतर मायेचे की तिरस्काराचे, हे समाजाने ठरवले. भावाच्या बाबतीत ते मायेचे ठरले, आईच्या बाबतीत नाही.

इथे मराठीशी तुलना केवळ शोभेची नाही, कारण तिच्यामुळे चेक-पोलिश शब्दाचा स्वभाव उघड होतो. 'सावत्र' हे विशेषण संस्कृत 'सापत्न' पासून आलेले आहे आणि 'सापत्न' चे मूळ 'सपत्नी', म्हणजे सवत, हे आहे. आपल्या शब्दाचा उगम एकाच नवऱ्याच्या दोन बायकांमधल्या नात्यात आहे. मूल त्यात नंतर येते. स्लाव्ह शब्दात पहिल्या बायकोचा मागमूसही नाही. त्यात फक्त 'माता' आहे आणि तिला लागलेली एक शेपूट आहे. चर्चच्या नियमाने एका वेळी एकच पत्नी असणाऱ्या त्या समाजात सावत्र आई येत असे ती बहुधा पहिली पत्नी वारल्यानंतर, म्हणजे तिची स्पर्धा जिवंत सवतीशी नसे. रिकाम्या झालेल्या जागी ती येई आणि तिचे मोजमाप त्या गेलेल्या बाईशी होत असे. संस्कृतमध्ये 'विमातृ' असाही शब्द आहे आणि रचनेच्या दृष्टीने तो 'मात्सेखा' च्या अधिक जवळचा आहे, कारण त्यातही माताच मूळ आहे आणि उपसर्गाने ती वेगळी केलेली आहे. रशियन भाषेत सावत्र मुलाला 'पासिनोक' म्हणतात. त्यातल्या 'सिन' चा अर्थ मुलगा असा आहे, तो आपल्या 'सूनु' चा नातलग आहे आणि 'पा' या उपसर्गाने त्याला जरासे बाजूला ठेवले आहे.

बाळंतपणात स्त्रिया दगावण्याचे प्रमाण मोठे होते त्या काळात शेतकरी घरात पुनर्विवाह ही चैन नव्हती, ती गरज होती. गाई-गुरे, स्वयंपाक, लहान मुले आणि शेतावरचे गडी हे सगळे एका गृहिणीच्या बळावर चालत असे आणि ती गेली तर विधुराला फार काळ एकटे राहणे परवडत नसे. नवी बाई घरात येई तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम स्वीकाराव्या लागत : दुसरीची मुले आणि ज्या जमिनीवर त्या मुलांचा हक्क आधीच ठरलेला आहे ती जमीन. तिच्या स्वतःच्या पोटच्या मुलाचा हक्क त्यानंतरचा. विलेमोवित्सेच्या कथेत आजारी मुलगा आणि निरोगी सावत्र मुलगा समोरासमोर उभे केले आहेत ते यामुळेच. कथा तिच्या कृत्याला दुष्टपणा म्हणते आणि तो आहेच. पण ज्या कोंडीतून तो उगवतो ती कोंडी कथा सांगत नाही. १८५० च्या दशकात बोझेना न्येम्त्सोव्हा या चेक लेखिकेने स्लोव्हाक लोककथा जमवून प्रसिद्ध केल्या, त्यांतली बारा महिन्यांची कथा आजही चेक मुलांना सांगितली जाते. तिच्यात सावत्र आई आपल्या मुलीच्या हट्टासाठी सावत्र मुलीला, मारुश्काला, भर हिवाळ्यात जांभळी फुले, मग रानस्ट्रॉबेरी आणि मग सफरचंदे आणायला बर्फात पाठवते. अशा कथा ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनात 'मात्सेखा' या शब्दाचा अर्थ शब्दकोश उघडण्याच्या फार आधी पक्का होतो.

भाषेने पुढे त्या अर्थाची विशेषणे केली. चेकमध्ये 'मात्सेश्स्की' म्हणजे सावत्र आईसारखा, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ उपेक्षेचा, हात आखडता घेणारा. पोलिशमध्ये 'पो मात्सोशेमु' हा क्रियाविशेषणात्मक वाक्प्रचार आहे आणि एखाद्या विषयाला, प्रदेशाला किंवा संस्थेला 'पो मात्सोशेमु' वागवणे म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करणे. दोन्ही शब्दांत मूळचा ख बदलून श झाला आहे, कारण या भाषांत ठरावीक प्रत्ययांपूर्वी तो तसा बदलतोच. मराठी वाचकाला याचे भाषांतर करावे लागत नाही. विदर्भाला किंवा मराठवाड्याला निधीच्या वाटपात 'सापत्न वागणूक' मिळते अशी तक्रार आपल्या वृत्तपत्रांत कित्येक वर्षे छापली जात आहे. शब्दांची मुळे वेगळी, समाज वेगळे आणि तरीही सरकारी उपेक्षेसाठी तिन्ही भाषांनी एकाच बाईकडे बोट दाखवले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

याच शब्दाचे एक कोमल रूपही चेक भाषेत आहे आणि त्याची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. पॅन्सी या फुलाला चेक लोक 'मात्सेश्का' म्हणतात, म्हणजे 'छोटी सावत्र आई'. जर्मन भाषेतही या फुलाचे नाव नेमके तेच आहे आणि जर्मन लोक त्याचा उलगडा फुलाकडे बोट दाखवून करतात. फूल उलटे करून पाहिले तर खालची मोठी, सर्वांत रंगीत पाकळी दोन निदलांवर, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांवर, टेकलेली दिसते : ती सावत्र आई, तिला दोन खुर्च्या. बाजूच्या दोन पाकळ्यांना प्रत्येकी एक निदल मिळते : त्या तिच्या स्वतःच्या मुली. वरच्या दोन साध्या पाकळ्यांना मिळून एकच निदल असते : त्या सावत्र मुली. विशेष हे की शेजारच्या भाषांनी याच फुलात कुटुंबातली दुसरी माणसे पाहिली. स्लोव्हाक भाषेत ते 'सिरुओत्का' म्हणजे छोटे अनाथ मूल आहे आणि पोलिश भाषेत 'ब्रातेक' म्हणजे धाकला भाऊ. ज्या स्लोव्हाक आणि पोलिश भाषांत सावत्र आईचा शब्द 'मात्सोखा' म्हणून एकच आहे, त्या दोघींनीही फुलाला तिचे नाव दिले नाही.

दुसरा प्रश्न, म्हणजे आज हा शब्द कसा वापरला जातो, याचे सर्वांत चांगले साक्षीदार कायदे आहेत. पोलंडच्या १९६४ च्या कुटुंब व पालकत्व संहितेतील कलम १४४ नुसार मुलाला, सामाजिक सहजीवनाच्या तत्त्वांना धरून असेल तर, आपल्या वडिलांच्या पत्नीकडून पोटगी मागता येते. परंतु कलमात 'मात्सोखा' हा शब्द नाही. तिथे 'जी त्याची आई नाही अशी त्याच्या वडिलांची पत्नी' अशी लांब शब्दरचना आहे. याउलट, वारसा व देणगी यांवरील कराच्या १९८३ च्या कायद्यात सर्वांत जवळच्या नातलगांना करातून सूट देणारी तरतूद आहे आणि त्या यादीत पती किंवा पत्नी, वंशज, पूर्वज, सावत्र मुले, भावंडे यांच्यासोबत 'ओयचिम' आणि 'मात्सोखा', म्हणजे सावत्र वडील आणि सावत्र आई, यांची नावे स्पष्टपणे दिलेली आहेत. एकाच देशातला कौटुंबिक कायदा हा शब्द टाळतो आणि करांचा कायदा तो निःसंकोचपणे लिहितो, तेही तिला रक्ताच्या माणसांच्या पंक्तीत बसवून. चेक प्रजासत्ताकात २०१४ पासून लागू असलेली नागरी संहिता मुलाच्या संगोपनाविषयी बोलताना 'पालकाचा जोडीदार' अशा अर्थाची शब्दयोजना करते. सरकारी आणि सौजन्याच्या चेक भाषेत 'नेव्लास्त्नी मात्का', म्हणजे 'स्वतःची नसलेली आई', हा पर्याय रुळला आहे. तो शब्द सौम्य आहे हे खरे; पण 'स्वतःची नसलेली' हा नकार त्यात उघडपणे बसवलेला आहे, म्हणून मला तो 'मात्सेखा' पेक्षा फारसा दयाळू वाटत नाही.

घरात मात्र या दोन्ही शब्दांनी कोणी हाक मारत नाही. चेक मूल वडिलांच्या पत्नीला नावाने किंवा 'तेता' म्हणून हाक मारू शकते, पोलिश मूल 'चोचा' म्हणून, आणि या दोन्ही शब्दांचा अर्थ मावशी-आत्या असा आहे. परिस्थितीही पालटली आहे. पूर्वी ती मेलेल्या आईच्या जागी येत असे. आता घटस्फोटानंतर आई बहुधा जिवंत असते, शनिवार-रविवारी भेटते, फोनवर बोलते. त्यामुळे सावत्र आई कोणाची जागा घेत नाही, ती शेजारी उभी राहते. या नव्या जागेसाठी दोन्ही भाषांत अजून आपला असा शब्द घडलेला नाही आणि जुनाच शब्द ओढूनताणून वापरावा लागतो.

मोराव्हियाने या प्रकरणात दुसरी एक साक्षही दिली आहे आणि ती विवराच्या कथेच्या नेमकी उलट आहे. गाब्रिएला प्राइसोव्हा हिच्या १८९० च्या नाटकावरून लेओश यानाचेक याने रचलेला ऑपेरा २१ जानेवारी १९०४ रोजी ब्रनोमध्ये प्रथम सादर झाला. त्याचे शीर्षक 'येयी पास्तोर्किन्या' असे आहे. 'पास्तोर्किन्या' हे 'सावत्र मुलगी' या अर्थाच्या चेक शब्दाचे मोराव्हियन बोलीतले रूप आहे. प्रमाण चेकमध्ये ते 'पास्तोर्किन्ये' असे होते. विवराच्या नावाप्रमाणे इथेही बोलीचाच स्वर शेवटी टिकून राहिला. त्यातली कोस्तेल्निच्का ही सावत्र आई आपल्या सावत्र मुलीवर, येनूफावर, मनापासून प्रेम करते. येनूफाला लग्नाआधी झालेले मूल तिच्या आयुष्याचा नाश करील या भीतीने ती ते तान्हे मूल हिवाळ्यात नदीत बर्फाखाली टाकते आणि बर्फ वितळल्यावर ते सापडते. विलेमोवित्सेची सावत्र आई आपल्या मुलासाठी परक्याच्या मुलाचा जीव घेऊ पाहते. कोस्तेल्निच्का परक्याच्या मुलीसाठी स्वतःचा आत्मा पणाला लावते. अखेरीस येनूफा तिला क्षमा करते.

देशाबाहेर हा ऑपेरा 'येनूफा' या नावाने गेला आणि तिथे शीर्षकातले नाते गळून पडले. चेक रंगभूमीवर तो आजही 'येयी पास्तोर्किन्या', म्हणजे 'तिची सावत्र मुलगी', याच नावाने लागतो आणि त्यातल्या 'तिची' या एका सर्वनामात ती सावत्र आई उभी असते.